वाळलेले कोंबडखत थेट वाफ्यात घालावे काय?

परसदार_वाई
आमच्या घरामागे लहानशी परसबाग आहे. त्यात वांगी, टोमॅटो, मिरची, लिंबाची दोन झाडे, एक शेवगा आणि कडेला मेथी-पालकाचे वाफे आहेत. गावातल्या एका ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्यांच्या) शेडमधली बॅच नुकतीच उचलली गेली आणि खाली अंथरलेले तूस विष्ठेसकट पोत्यांत भरून शेडच्या मालकांनी आम्हांला देऊ केले आहे. माल पूर्ण कोरडा आहे, मुठीत घेतला तर सुटा होतो आणि त्याला फारसा वासही येत नाही. मालकांचे म्हणणे असे की हे थेट वाफ्यात मिसळून पाणी सोडावे, आठवडाभरात पिकाला काळोखी येते. शेजारचे आजोबा मात्र सांगतात की वर्षभर खड्ड्यात घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचे ऐकावे हे कळत नाही. घरात लहान मुले आहेत आणि बागेला लागूनच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, हे लक्षात घेऊन कृपया सांगावे.

द्राक्षवेल
निःशंकपणे घालावे. आमच्याकडे द्राक्षाच्या खरड (उन्हाळी) छाटणीच्या आधी बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीच्या मातीच्या वरंब्यात, कोंबडखत घालण्याची पद्धत जुनी आहे आणि बागा उत्तम चालतात. शेडचे मालक बरोबर सांगत आहेत.

मातीचा_माणूस
द्राक्षवेल यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे, आणि उरलेला अर्धा भाग परसदार यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे.

वाळलेले खत आणि कुजलेले खत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्षी आपल्यासारखी वेगळी लघवी करत नाहीत. त्यांच्या शरीरातले बरेचसे टाकाऊ नत्र (नायट्रोजन) यूरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर पडते, आणि विष्ठेवर दिसणारा पांढरा भाग तोच असतो. हे आम्ल कोरड्या स्थितीत जवळपास स्वस्थ पडून राहते. पाणी मिळाले की सूक्ष्मजीव त्याचे युरियात आणि युरियाचे अमोनियात रूपांतर करू लागतात, आणि तो अमोनिया कोवळ्या मुळांना जाळतो. म्हणजे तुमच्या पोत्यांना वास येत नाही तो खत तयार झाल्यामुळे नव्हे, तर त्यात ओलावा नसल्यामुळे. वाफ्यात घालून पाणी सोडले की जी प्रक्रिया ढिगात व्हायला हवी होती ती रोपाच्या बुंध्याशी सुरू होईल.

आता आकड्यांकडे पाहू. शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, तर कोंबडखतात नत्र सुमारे ३ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) अडीच टक्के आणि पालाश (पोटॅश) दीड टक्क्याच्या जवळपास धरतात. तुसाचे प्रमाण जास्त असेल तर हे आकडे खाली येतात. तरीही शेणखताच्या सवयीने घमेली मोजणारा माणूस नकळत पाच-सहा पट नत्र घालून बसतो. मालक ज्या काळोखीचे कौतुक करतात ती याच नत्राची असते. टोमॅटोचे झाड कंबरेएवढे वाढते, मावा आणि तुडतुडे त्याच्यावर तुटून पडतात, आणि फळांची वाट पाहण्यात हंगाम निघून जातो.

द्राक्षबागेत हे चालून जाते, कारण तिथे खत खोडापासून दूर, चारीत मातीआड घालतात, वेलीची मुळे जुनी आणि खोल गेलेली असतात, आणि त्या मातीतले काहीही कोणी कच्चे उपटून खात नाही.

द्राक्षवेल
शेवटचे वाक्य मान्य आहे. आमच्या बांधावरची मेथी आम्हीही त्या चारीत लावत नाही.

जांभादगड
मी दक्षिण कोकणातला. आमच्याकडे गावठी कोंबड्या रात्री खुराड्यात असतात आणि खुराड्यात चुलीची राख पसरण्याची पद्धत पूर्वापार आहे. राखेमुळे ओल शोषली जाते, पिसवा कमी होतात आणि सकाळी झाडणे सोपे जाते. ही राखमिश्रित विष्ठा आम्ही माडाच्या आळ्यात टाकतो. मातीचा_माणूस यांना विचारायचे आहे की यात नत्राचे नुकसान होते काय? कारण सकाळी खुराडे उघडले की डोळ्यांतून पाणी येते.

मातीचा_माणूस
होते, आणि डोळ्यांतले पाणी हीच त्याची पावती आहे. राख अल्कधर्मी असते. ओलसर विष्ठेत अल्कता वाढली की अमोनिया वायुरूपाने लवकर निघून जातो. कोंबड्यांच्या आरोग्यासाठी कोरडेपणा हवाच, पण त्यासाठी राखेऐवजी तूस, भुसा किंवा वाळलेला पाला अंथरलात तर नत्र टिकेल आणि खताला कर्बही (कार्बन) मिळेल. राख वेगळी साठवून पावसाळ्यानंतर माडाला द्यावी, म्हणजे पालाश वाया जाणार नाही.

पिंजऱ्याबाहेर
मी काही वर्षे अंड्यांच्या लेअर फार्मवर काम केले आहे. तिथे पिंजऱ्यांखाली साचलेल्या विष्ठेवर माश्या आणि अळ्या होऊ नयेत म्हणून चुना मारत असत आणि त्याचा उपयोगही होत असे. वरचे उत्तर वाचून आता असे वाटते की त्या खताच्या गाड्या शेतकऱ्यांनी विकत घेतल्या तेव्हा त्यातले बरेचसे नत्र शेडच्या छपरातून आधीच निघून गेले असावे.

आणखी एक फरक सांगावासा वाटतो. लेअर कोंबड्यांच्या खाद्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि त्यातले बरेचसे विष्ठेत उतरते. ब्रॉयलरच्या खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपासच असते. त्यामुळे दोन्ही खतांना एकच नाव असले तरी माल एक नाही. परसदार यांचे खत ब्रॉयलरचे आहे, हे उत्तर देताना लक्षात ठेवावे.

जांभादगड
म्हणजे आमच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीला लेअरचे खत अधिक मानवेल आणि घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला ते टाळलेले बरे, असाच ना याचा अर्थ?

मातीचा_माणूस
अगदी तसाच. ज्या जमिनीचा सामू (पीएच) आधीच ८ च्या वर आहे तिथे लेअरचे खत दरवर्षी घातले तर लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होतात, कोवळी पाने पिवळी पडतात, आणि शेतकरी त्यावर आणखी खत घालतो. परसदार यांचे तसे नाही, पण लिंबाची पाने शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर आधी माती तपासून घ्यावी.

सूक्ष्मदर्शी
माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र असल्यामुळे आतापर्यंत कोणी न काढलेला मुद्दा मांडतो. कोंबडीच्या विष्ठेत सालमोनेला, कॅम्पायलोबॅक्टर आणि ई. कोलायच्या रोगकारक जाती असू शकतात, आणि पक्षी वरकरणी ठणठणीत असला तरी असू शकतात. यांपैकी कॅम्पायलोबॅक्टर कोरडेपणात फार तग धरत नाही. सालमोनेला मात्र कोरड्या तुसात बराच काळ जिवंत राहतो. त्यामुळे "उन्हात वाळवले आहे, आता त्यात काही उरले नसेल" हा युक्तिवाद इथेही टिकत नाही.

धोका पिकानुसार बदलतो. मेथी आपण शिजवतो, वांगे भाजतो, शेवगा तर जमिनीपासून उंचच असतो. खरी काळजी कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, गाजर आणि कोशिंबिरीत जाणाऱ्या टोमॅटोची करावी. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडतो, आणि तो पालेभाजीच्या बेचक्यात बसला की नळाखाली धुऊन पूर्णपणे जात नाही.

खत हाताळताना तोंडाला कापड नव्हे, नीट बसणारा मास्क लावावा, कारण कोरड्या लिटरची, म्हणजे शेडमधल्या विष्ठामिश्रित तुसाची, धूळ फार बारीक असते. पोती वाऱ्याच्या दिशेने ओतू नयेत आणि ओतण्यापूर्वी थोडे पाणी शिंपडावे. हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांना ढिगाजवळ खेळू देऊ नये.

दुसरा_मजला_डावीकडे
हे सगळे वाचून मी खिडकीतल्या कुंडीतली कोथिंबीर मोठ्या आदराने पाहू लागले आहे. आमच्या सोसायटीत कुंडीतून पाणी ठिबकले तरी सभा बोलावतात. कोंबडखताचे पोते लिफ्टमधून नेले तर विशेष सर्वसाधारण सभा निश्चित.

ओहायोकर
मी अमेरिकेत ओहायोत राहतो आणि घरामागे काही कोंबड्या पाळतो. इथल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्च्या विष्ठेसाठी स्पष्ट मुदत दिलेली आहे. पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर विष्ठा मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जावे लागतात, आणि लागत नसेल तर ९० दिवस. व्यवस्थित कुजवलेल्या खताला ही मुदत लागू नाही, पण "व्यवस्थित" याची व्याख्या कडक आहे. उघड्या लांबट ढिगात तापमान १५ दिवस ५५ ते ७७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले पाहिजे आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा पालटला पाहिजे. घरच्या बागेला हा नियम कायद्याने बांधील नाही, तरी मी तो पाळतो.

द्राक्षवेल
ओहायोत बर्फ पडतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये जमिनीचा वरचा थर हात लावू देत नाही. तिथले १२० दिवस इथे जसेच्या तसे कशाला आणायचे?

सूक्ष्मदर्शी
आक्षेप रास्त आहे. कडक ऊन आणि कोरडी माती यांत जंतू लवकर मरतात हे खरे, परंतु ते वरच्या थरापुरते. आपण खत मातीत मिसळतो, वरून आच्छादन घालतो आणि रोज पाणी देतो, म्हणजे उन्हाने जे साधले असते ते आपणच मोडून काढतो. मेथी महिनाभरात आणि मुळा दीड महिन्यात काढणीला येतो. अशा पिकांसाठी ९० की १२० हा वाद करण्यात अर्थ नाही; त्यांना कच्चे खत द्यायचेच नाही, इतके पुरे.

माळावरची_मावशी
सगळ्यांनी काय करू नये ते सांगितले, आता काय करावे ते मी सांगते. आमच्याकडे उसाचे पाचट भरपूर असते आणि शेजारी पोल्ट्री आहे, त्यामुळे हे काम दरवर्षीचे आहे.

ढीग किमान एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच हवा. त्याहून लहान ढीग तापत नाही, नुसता कुजून वास मारतो. एक घमेले लिटर आणि दोन ते तीन घमेली वाळलेला पाला किंवा तोडलेले पाचट असे थर द्यावेत. इथे पुष्कळजण फसतात. लिटरमध्ये तूस आहे म्हणजे कर्ब आलाच, असे त्यांना वाटते. पण भाताच्या तुसात सिलिका फार असते, ते वर्षभर तसेच टोचत राहते आणि त्यातला कर्ब जंतूंच्या हाती लवकर लागत नाही. म्हणून पाला हवाच. प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. मधूनमधून जुन्या कुजलेल्या खताची एखादी पाटी टाकली तर काम लवकर सुरू होते.

ढिगाच्या मध्यापर्यंत लोखंडी पहार खुपसून ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उपसून आतले टोक धरून पाहायचे. क्षणभरही धरवत नसेल तर ढीग चालू आहे. नुसते कोमट लागले तर एक तर पाणी कमी आहे, नाही तर ढीग दाबला गेला आहे. हौस असेल त्यांनी लांब दांड्याचा तापमापक घ्यावा, पण पहार सगळ्यांच्या घरी असते. ढीग पालटताना आत राखाडी-पांढरा, राख उडवल्यासारखा थर दिसतो. त्याला घाबरू नये, ते तापलेल्या ढिगातले जिवाणू असतात. मात्र तो थर फार जाड आणि कोरडा असेल तर आतले पाणी संपले आहे असे समजावे आणि पालटताना शिंपडावे. बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर, हे पालटण्याचे सगळे मर्म आहे, कारण कडेचा भाग कधी तापतच नाही.

पालटूनही ढीग तापेनासा झाला की झाकून निदान दोन महिने तसाच मुरू द्यावा.

पिंजऱ्याबाहेर
मावशींनी माश्यांबद्दल लिहिले नाही, म्हणून भर घालतो. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात आणि तिला फक्त ओली, उघडी विष्ठा हवी असते. ढिगावर वीतभर जाडीचा कोरडा पाला कायम ठेवला आणि आठवड्याच्या आत पालटून कडेच्या अळ्या गरम भागात ढकलल्या, तर चुन्याची गरज लागत नाही.

गांडूळपालक
कृपा करून हे लिटर कोणी थेट गांडुळांच्या वाफ्यात टाकू नका. अमोनिया, क्षार आणि उष्णता या तिन्हींनी गांडुळे मरतात किंवा वाफा सोडून जातात. मावशींचा ढीग थंड झाल्यावर त्यातले थोडे शेणाबरोबर दिले तर ती आनंदाने खातात.

द्राक्षवेल
आणि हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी? अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते असे आमच्याकडे ठामपणे म्हणतात.

माळावरची_मावशी
उघड्या ढिगात पावसाळ्याच्या सुरुवातीला भुंगेरे शिरतात आणि ते खत तसेच शेतात गेले की अळ्याही जातात. तापलेल्या मध्यात त्या राहत नाहीत, थंड कडेला सापडतात. खत वापरण्यापूर्वी चाळून घेतले की पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या चाळणीतच दिसतात. आमच्या कोंबड्या त्यांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता करतात.

दुसरा_मजला_डावीकडे
म्हणजे खतही कोंबडीचे, तपासणीही कोंबडीची आणि मानधनही जागेवरच. आमच्या सोसायटीच्या लेखापरीक्षकांनी काही शिकावे.

सूक्ष्मदर्शी
खत कुठून येते याची चौकशीही करावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा निघाला. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, म्हणून अशा वेळी पक्ष्यांबरोबर अंडी, खाद्य आणि लिटरही नष्ट करतात. शेडमध्ये अचानक मोठी मर झाली असेल तर ते खत फुकटातही घेऊ नये, आणि मेलेले पक्षी घरच्या ढिगात पुरू नयेत. परसदार, आपल्याकडच्या कोंबड्या खुल्या फिरत असतील तर बाहेरच्या शेडची पोती त्यांच्यापासून लांब ठेवावीत.

औषधांचाही प्रश्न आहे. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचे प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, पण इतर औषधे वापरात आहेत आणि त्यांचा अंश विष्ठेत उतरतो. तापलेल्या ढिगात त्यातला काही भाग विघटित होतो, सगळा नव्हे. ढीग मुरवण्याचे हेही एक कारण समजावे.

परसदार_वाई
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेडमध्ये मर झालेली नव्हती, हे विचारून घेतले. कोंबड्या आमच्याकडे नाहीत. पाला गोळा करायला सुरुवात केली आहे. दोन शंका उरल्या आहेत. ढीग विहिरीपासून किती लांब असावा? आणि खत तयार झाले हे ओळखायचे कसे, आणि मग किती घालायचे?

मातीचा_माणूस
विहिरीच्या बाबतीत अंतराइतकाच उतार महत्त्वाचा आहे. ढीग विहिरीच्या खालच्या अंगाला, जितका लांब जमेल तितका असावा आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या कागदाने झाकलेला असावा. उघड्या ढिगातून झिरपणाऱ्या तपकिरी पाण्यातून नायट्रेट उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून अधिक झाल्यास बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वांत जास्त त्रास होतो. पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही. जागा अपुरी असेल तर ढीग विहिरीपाशी करण्यापेक्षा शेडच्या मालकांच्याच आवारात करावा आणि तयार खत घरी आणावे.

तयारी ओळखायला दोन सोप्या चाचण्या आहेत. ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर ठीक, नाकात झणझणले तर अजून मुरू द्यावे. दुसरी चाचणी मेथीची. एका कुंडीत नुसती माती आणि दुसरीत तीच माती निम्मे खत मिसळून घ्यावी आणि दोन्हींत सारखे दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा पानांच्या कडा करपल्या तर घाई करू नये.

भाजीपाल्यासाठी प्रमाण हेक्टरी ५ टनांच्या आसपास धरतात, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. हे हातांनी पसरले की फारच कमी वाटते, आणि तिथेच माणसाचा हात सैल सुटतो. लिंबाला बुंध्यापासून दूर, घेराच्या कडेला द्यावे. मुळा-गाजराला या वर्षी देऊच नये, पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात लावावीत.

जांभादगड
काहीजण पोते पिंपात बुडवून त्याचे पाणी फवारतात, त्याबद्दल काय?

सूक्ष्मदर्शी
कच्च्या लिटरचे पाणी पानांवर फवारणे म्हणजे जंतू थेट भाजीवर नेऊन सोडणे. फळझाडांच्या आळ्यात तयार खताचे पाणी ओतायचे असेल तर हरकत नाही.

दुसरा_मजला_डावीकडे
आता गंभीरपणे विचारते. बाजारात कोंबडखताच्या गोळ्या मिळतात, पिशवीवर "निर्जंतुक" असे छापलेले असते आणि वासही येत नाही. कुंडीसाठी त्या चालतील ना?

मातीचा_माणूस
पिशवी उलटवून "कंपोस्ट केलेले" असे लिहिले आहे की नुसते "वाळवलेले" हे पाहावे. गोळ्या पुष्कळदा उष्णतेने वाळवून दाबलेल्या असतात. त्या उष्णतेने जंतू मरतात, पण यूरिक आम्ल आत तसेच राहते. म्हणजे परसदार यांच्या पोत्याचाच प्रश्न, फक्त नीटनेटक्या पिशवीत. कुंडीत क्षार निघून जायला जागा नसते, त्यामुळे मध्यम कुंडीला एका वेळी चमचाभर, कडेने, मातीत दाबून आणि महिन्यातून एकदा, याच्या पुढे जाऊ नये. कोथिंबिरीच्या कुंडीला तर गांडूळखतच द्यावे.

द्राक्षवेल
परसदार, अर्धा किलोचा हिशेब धरला तर तुमची निम्मी पोती उरतील. आमची छाटणी तोंडावर आली आहे आणि चाऱ्या काढून तयार आहेत. गाडी मी पाठवतो, बदल्यात पाचट भरून देतो.